पुट्टीवरची तारीख

मोटरसायकलच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचं पुढे काय होतं, हे मी दरवर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतो. ढोबळ हिशोब असा, की त्यातल्या ऊर्जेचे तीन वाटे पडतात. एक चाकापर्यंत पोचतो, एक सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो आणि एक इंजिनच्या अंगातच साठायला लागतो. हा तिसरा वाटा वेळेवर बाहेर काढला नाही, तर पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि शेवटी अडकून बसतो. गॅरेजमध्ये याला ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात, आणि ते म्हणताना मिस्त्री लोक आवाज जरा खाली आणतात.

फळ्यावर हे सगळं एका आकृतीत बसतं. मागच्या फेब्रुवारीत माझ्याच गाडीखाली हिरवे थेंब दिसायला लागले, तेव्हा माझ्या खात्यात ३,१०० रुपये होते आणि नवीन रेडिएटरचा भाव मजुरी सोडून ६,८०० होता.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलेजात प्राध्यापकाची जागा रिकामी असते, ती भरली जात नाही, पण मुलं तर वर्गात येऊन बसतात. मग माझ्यासारखे नेट-सेट झालेले लोक तासावर बोलावले जातात. तास घेतला तर त्याचे पैसे. सुट्टी पडली, मोर्चा निघाला, ताप आला, गाडी बंद पडली, तर नाहीत. जे मिळतात तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत. फेब्रुवारीत मी नोव्हेंबरच्या पैशांची वाट बघत होतो. एवढ्यावर भागत नाही म्हणून दोन कॉलेजं धरलीत. एक कोल्हापुरात, खोलीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. दुसरं तालुक्याच्या गावी, पन्नासेक किलोमीटरवर. तिथला पहिला तास सकाळी आठला असतो आणि पहिली एसटी पोचते तोवर तो संपलेला असतो. म्हणजे गाडी गेली की अर्धं उत्पन्न गेलं.

गाडी धाकट्या भावाची. आपल्याकडे वर्षानुवर्षं मोटरसायकल म्हटलं की हवेवर थंड होणारं इंजिन, बाहेरून पाकळ्या-पाकळ्यांचं. २००८ साली यामाहाची आर१५ आली, २०१२ साली केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २०० एनएस आली, आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये रेडिएटरवाल्या गाड्या दिसायला लागल्या. त्यातलीच एक भावाने सेकंडहँड घेतली होती. तो चाकणला कामाला लागला, कंपनीची बस घ्यायला-सोडायला येते, म्हणून गाडी माझ्याकडे आली. रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागे, उघडा. रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली, पुढे डंपर. त्याच्या चाकाखालून उडालेला एक दगड आत लागल्याचा आवाज मी ऐकला होता. त्यानंतर तीन दिवसांनी घरमालकीण काकू म्हणाल्या, “सर, तुमची गाडी फरशी रंगवाय लागलीया.”

पहिलं काम गाडीचं नव्हतं, फरशीचं होतं. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. मांजरं-कुत्री ते चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरू शकतात. काकूंच्या दोन मांजरी आमच्या जिन्याखालीच झोपतात. म्हणून आधी बादल्या ओतून फरशी धुतली आणि रोज रात्री गाडीखाली जुनं पसरट घमेलं ठेवायला लागलो. तुमच्या गाडीखाली असे थेंब दिसले तर सुरुवात इथून करा.

मग गॅरेज. आमचा मिस्त्री माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान आहे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “सर, रेडिएटर बदला म्हणून कुणीबी सांगंल. आदी कुठनं गळतंय ते तरी बघूया.”

पाणी जिथे टपकतं तिथेच गळतं असं नाही. ते पाइपवरून ओघळतं, नटाला अडकतं आणि भलतीकडे पडतं. शोधायचं ते वाळलेल्या कूलंटचा रंगीत डाग, तिखट-मीठ वाळल्यासारखा पापुद्रा. मिस्त्रीने क्रम लावला तो स्वस्ताकडून महागाकडे. आधी होजच्या क्लिपा, त्या २५ रुपयांना एक. मग खुद्द रबरी होज, चिरा पडल्यात का. मग रेडिएटरचं झाकण, त्याचं रबर. मग वॉटर पंपाच्या खालचं बारीक छिद्र. तिथून थेंब येत असला तर पंपाचं सील गेलं असं समजायचं. ऑइलच्या काचेत दुधट रंग दिसतो का तेही बघायचं, कारण तसा दिसला तर पाणी इंजिनच्या आत शिरतंय आणि मग हा खेळ वेगळाच. सगळ्यात शेवटी रेडिएटरची जाळी.

माझ्या गाडीत दोन गळत्या निघाल्या. खालच्या होजची क्लिप सैल झाली होती, ती बदलली आणि जोडीला वरचीही. घमेल्यातलं पाणी निम्म्यावर आलं, पण थांबलं नाही.

गाडी उभी असताना थेंब-थेंब आणि पळून आल्यावर मात्र फवारा, हे कसं, असं मला काकूंनी विचारलं. त्यांना कुकरचं उदाहरण दिलं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. माझ्या झाकणावर १.१ असा आकडा कोरलाय, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा तेवढे बार वाढेपर्यंत ते उघडत नाही. त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं त्याच्याही वर. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये ते यासाठीच. उघडलं की दाब एकदम उतरतो, आतलं सगळं एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. गळतीच्या भोकालाही हाच दाब ढकलत असतो. अजून एक धोका असा, की काट्यावर विसंबून राहता येत नाही. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. पाणीच संपलं तर तो हवेत लटकतो आणि आकडा फसवा येतो.

रविवारी रेडिएटर स्वतः उतरवला. चार बोल्ट, दोन होज, पंख्याची एक वायर. आतलं कूलंट स्वच्छ बाटलीत काढून ठेवलं. नळीच्या एका तोंडात लाकडी गुट्टी, दुसऱ्या तोंडात जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह क्लिपने आवळलेला, आणि सायकलचा पंप. रेडिएटर बादलीत बुडवला आणि हळूहळू, झाकणावरच्या आकड्याच्या खालीच राहून, हवा भरली. सायकलच्या पंक्चरवाल्याकडे लहानपणी बघितलेलं सगळं तसंच. खालून तिसऱ्या नळीतून बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली. भोक सुईच्या टोकाएवढं.

६,८०० रुपयांची भीती एवढ्याशा भोकातून येत होती.

तसं बघितलं तर रस्त्यातली दुरुस्ती गाडीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसोबत मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. साधारण शंभर किलोमीटर. तोवर इतकं लांब मोटारीने कोणी गेलंच नव्हतं. तिच्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत जागोजागी भरावं लागायचं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून सॉल्व्हंट घेतलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर पुढे १९००-०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी बनवला, आठ हजारांवर बारीक नळ्यांचा. माझ्या रेडिएटरमध्ये मी नळ्या मोजल्या. बावीस.

माझे मामा ट्रक चालवायचे. त्यांच्याकडे या आजारावर एकच औषध होतं, हळद. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची, गाडी चालू ठेवायची. ते खरंच चालतं, आणि त्यात जादू काही नाही. हळदीचे कण पाण्यासोबत फिरतात, भोकाकडे ओढले जातात, तिथे साठतात आणि बुच बसतं. अडचण अशी, की हळदीला चांगलं भोक आणि वाईट भोक यांतला फरक कळत नाही. ट्रकच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद, पाणी भरपूर. माझ्या गाडीत सगळं मिळून लिटरभराच्या आतबाहेर पाणी आणि नळ्या काडीएवढ्या अरुंद. एक भोक बुजवायला गेलेली हळद दहा नळ्या तुंबवणार. बाजारात बाटलीत मिळणाऱ्या ‘लीक स्टॉप’चंही बरंचसं असंच. आडरानात, रात्री, दुसरा इलाज नसताना ठीक. माझ्याकडे रविवार होता आणि बादली होती.

म्हणून पुट्टी. स्टीलची इपॉक्सी पुट्टी, ६० रुपये. तिचं काम निम्मं लावण्यात आणि निम्मं आधीच्या साफसफाईत असतं. भोकाभोवतीच्या पातळ पाकळ्या चिमट्याने काढल्या, पॉलिश पेपरने नळी घासली, थिनरने पुसली. तेलाचा हात लागला तरी पुट्टी सोडते. दोन रंगांचे गोळे एकजीव होईपर्यंत मळले आणि नखाने दाबून बसवले. सोमवारी माझे तास शहरातल्या कॉलेजात होते, त्यामुळे पुट्टीला मंगळवार सकाळपर्यंत वेळ मिळाला.

बसवताना मिस्त्री हजर होता. त्याने पुट्टीवर नख मारून बघितलं आणि विचारलं, “सर, मार्कर हाय का?”

“आहे. कशाला?”

“तारीख टाका रेडिएटरवर. आजची टाका, आन् काढायची बी टाका.”

“काढायची?”

“टेंपरवारी काम हाय न्हवं? टेंपरवारी कामावर तारीख न्हाई टाकली की ते परमनंट हुतंय.”

मी फळ्यावर लिहायच्या मार्करने नाही, सीडीवर लिहायच्या पक्क्या मार्करने टाकीच्या पत्र्यावर दोन तारखा लिहिल्या. एक मार्च. पंधरा एप्रिल.

मग भरणी. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार आत थर धरतात आणि ॲल्युमिनियम खातात. झाकण न लावता थंड इंजिन चालू केलं, गाडी डावी-उजवीकडे कलवली आणि अडकलेली हवा गुडगुड करत बाहेर पडू दिली. पातळी खाली गेली की पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा बघितलं. घमेलं कोरडं होतं.

त्या सहा आठवड्यांत मी रोज सकाळी दोन गोष्टी बघायचो: घमेलं आणि त्या तारखा. एकदा खोलीत कागद शोधताना माझ्या नेमणुकीची पत्रं हातात आली. सहा वर्षांची सहा. प्रत्येकावर तेच वाक्य, की ही नेमणूक निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची आहे, आणि खाली संपण्याची तारीख. म्हणजे मिस्त्रीचा नियम इथे कागदोपत्री पाळलेला होता. फक्त तारीख आली की पुट्टी काढून भोक बघायचं, हा भाग कोणी करत नव्हतं. जुन्या पुट्टीवर नवी पुट्टी, नवी तारीख. पहिल्या वर्षी मी ते पत्र आईला फोटो काढून पाठवलं होतं. सहाव्या वर्षी नुसतं फाइलला लावलं.

पुट्टीचा मला राग नाही. तिने सहा आठवडे इमानदारीने काम केलं. तिच्या जिवावर मी थर्मोडायनॅमिक्सचा अभ्यासक्रम संपवला, प्रात्यक्षिक परीक्षा घेतल्या. पण आपण कशासाठी आहोत हे पुट्टीला ठरवता येत नाही. ते लावणाऱ्याने ठरवायचं असतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नोव्हेंबर-डिसेंबरचे पैसे जमा झाले. रेडिएटर पुन्हा उतरवला आणि उद्यमनगरात गेलो.

कोल्हापूर बाहेरच्यांना तांबडा-पांढरा आणि कुस्तीमुळे माहीत असतं. आमच्यासाठी कोल्हापूर म्हणजे फौंड्रीसुद्धा. शिवाजी उद्यमनगरातल्या बोळांतून चालताना लेथवरून निघालेल्या लोखंडी कुरळ्या पायाखाली येतात. तिथे एका गाळ्यात आर्गन वेल्डिंग करणारे चाचा आहेत. त्यांनी रेडिएटर उजेडात धरला.

“पुट्टी कुणी लावली?”

“मीच.”

“तारीख लिवलीया,” ते हसले. “बरं केलंसा. पर आता हे सगळं खरवडाय लागंल. पुट्टीवर वेल्डिंग बसत न्हाई.”

आर्गनच का, हे त्यांनी काम करता करता सांगितलं, आणि जे सांगितलं ते पुस्तकाशी जुळतं. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. त्यांना कथलाचा डाख देता यायचा, कल्हईवाला नवसागर टाकून पातेल्याला कथील चढवतो त्याच जातीचं काम. ॲल्युमिनियमला तो डाख धरत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ही साय दोन हजारांच्याही वर. म्हणजे वरची साय फुटायच्या आत खालचा धातू पाणी होऊन गळून जातो. एसी करंट ती साय फोडतो आणि आर्गन वायू नवी धरू देत नाही. मधल्या त्या इवल्याशा जागेत कारागिराचा हात चालतो. नळीची भिंत कागदापेक्षा थोडी जाड. अर्धा सेकंद जास्त झाला तर सुईएवढ्या भोकाचं वाटाण्याएवढं होतं.

चाचांनी भोक भरलं नाही. ती नळीच दोन्ही टोकांना बंद केली.

“एक नळी गेली म्हणून काय बिघडत न्हाई. एकवीस हाईत की.”

बावीसातली एक, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. मग त्यांनी स्वतःच्या पंपाने हवा भरून पिंपात बुडवला. पाणी निवांत राहिलं. मला विचारायचं होतं की किती दिवस टिकेल. त्यांनीच सांगितलं, “सा म्हैन्यांत गळलं तर आणा. पैसं घेणार न्हाई.”

४०० रुपये झाले. मी दिले, त्यांनी मोजले, खिशात घातले आणि पुढचं काम हातात घेतलं. काम आणि दाम यांच्यात मिनिटभराचं अंतर होतं. मला ते बघत तिथे थोडा वेळ उभं राहावंसं वाटलं.

घरी येताना ७० रुपयांची बारीक स्टीलची जाळी घेतली, कापून रेडिएटरच्या पुढे बसवली. सगळा हिशोब असा: क्लिपा ५०, पुट्टी ६०, कूलंट २८०, डिस्टिल्ड वॉटर ४०, आर्गन ४००, जाळी ७०. एकूण ९००. थोडे पैसे वाचावेत म्हणून कोणी हे वाचत असेल, तर एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल: आधी गळती शोधा, स्वस्ताकडून महागाकडे जा, आणि तात्पुरत्या कामावर तारीख टाका.

पण ९०० हा आकडा पूर्ण खरा नाही. त्यात माझे तीन रविवार धरलेले नाहीत. उसनी आणलेली पान्यांची पेटी नाही. खोलीपासून दोन किलोमीटरवर उद्यमनगर आहे, हे नाही. माझं दुसरं कॉलेज ज्या गावात आहे, तिथल्या एखाद्या मुलाच्या गाडीला असाच दगड लागला, तर त्याला आर्गनसाठी पन्नास किलोमीटर यावं लागेल, तेही गाडीशिवाय. स्वस्त दुरुस्तीला सुद्धा काहीतरी भांडवल लागतं. ज्याच्याकडे वेळ, हत्यारं आणि ओळखीचे हात नसतात, त्याला नवीन रेडिएटरच घ्यावा लागतो. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

जूनमध्ये तासिका तत्त्वाची जाहिरात पुन्हा आली. अर्ज भरला, कारण भाडं जूनमध्येही द्यावं लागतं. नेमणुकीचं सातवं पत्र जुलैत हातात आलं. तेच वाक्य, नवी तारीख. ती त्यांनी घातलेली होती. मी तोच पक्का मार्कर काढला आणि पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला दुसरी एक तारीख लिहिली. त्या दिवशी पुट्टी खरवडायची आणि खाली काय आहे ते बघायचं, मग जे करावं लागेल ते करायचं. मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो चेनला ऑइल मारत होता. मान वर न करता म्हणाला, “टाकली न्हवं? आता रोज दिसंल तिथं लावा.”

पत्र आता दाराच्या मागे, उलट्या बाजूने चिकटवलंय. घमेलं काकूंना परत दिलं.